सणाला निघालेली लियेन

लियेनला कुणी 'हॅपी चायनीज न्यू इयर' म्हटलं की ती आधी थँक्यू म्हणायची आणि मग समोरच्याचा हात धरून ठेवायची. हात सुटेपर्यंत त्या माणसाला कळलेलं असायचं की हे चायनीज नव्हे, याला तेत म्हणतात, हे व्हिएतनामचं नवं वर्ष आहे, आणि वर्षांना ज्या बारा प्राण्यांची नावं असतात, त्यांत चिन्यांकडे जिथे ससा येतो तिथे आमच्याकडे मांजर येतं. मांजराचा मुद्दा तिला फार महत्त्वाचा वाटे. आमच्या अपार्टमेंटच्या मॅनेजरला तिने हे दर वर्षी समजावलं आणि तो दर वर्षी नव्याने चुकला. चूक सुधारून झाली की ती त्याच्या हातावर साखरेत घोळलेल्या ओल्या खोबऱ्याच्या पट्ट्या ठेवायची, त्यामुळे तो मुद्दामच चुकत असावा असा माझा संशय आहे.

सनीव्हेलमध्ये आमचं दार आणि तिचं दार शेजारी शेजारी होतं, दुसऱ्या मजल्यावरच्या एकाच लांब पॅसेजमध्ये. तिचा नवरा थांग आम्ही तिथे राहायला यायच्या आधीच गेला होता. मुलगा मिन्ह तेव्हा कॉलेजात होता. ती स्वतः माझ्या मुलीच्या, ईराच्या, शाळेत कॅफेटेरियात काम करायची. अंगाने एवढीशी, पण तिचा 'नेक्स्ट!' ऐकून पाचवीतली धटिंगण पोरं रांगेत सरळ उभी राहायची. ईरा तिला शाळेत 'मिस लियेन' म्हणायची आणि घरी 'को लियेन'. को म्हणजे त्यांच्याकडे आत्या, मावशी, शिकवणाऱ्या बाई, सगळंच. मी मावशी म्हणायला लागले तेव्हा तिने अर्थ विचारला. आईची बहीण, मी सांगितलं. तिने जरा विचार केला.

"आईपेक्षा कमी ओरडते?"

"हो, साधारण."

"ओके. मावशी."

तिचं इंग्रजी मोजकं होतं. क्रियापदांचे काळ वगैरे भानगडीत ती पडत नसे. मी इथे मराठीत लिहितेय, पण ती बोलायची ती अशीच, तुकड्यातुकड्यांत, आणि प्रत्येक तुकडा हुकूम सोडल्यासारखा.

तिच्या स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायचं जाडजूड कॅलेंडर टांगलेलं असायचं. सकाळी उठल्यावर आधी पान फाडायचं, चंद्राची तिथी बघायची, मग कॉफी. आमच्या फ्रिजवरही आईने पाठवलेलं मराठी कॅलेंडर असतं. एकदा सहज दोन्ही शेजारी ठेवून पाहिली, तर तिच्या वर्षाचा शेवटचा दिवस म्हणजे आमची पौषातली अमावास्या आणि तिचा तेत म्हणजे आमची माघातली प्रतिपदा. लियेनने बोटाने दोन्हीकडचे चंद्र तपासले आणि समाधानाने मान हलवली. त्या दिवसापासून माझ्याबद्दल तिचं मत चांगलं झालं असावं.

ते मत तिला लवकरच टिकवून धरावं लागलं.

तेतच्या पहिल्या दिवशी बाहेरचं जे माणूस घरात पहिलं पाऊल टाकतं, त्याच्यावर त्या घराचं अख्खं वर्ष अवलंबून असतं, अशी त्यांची समजूत. त्यामुळे हे पाऊल कुणी नशिबावर सोडत नाही. माणूस आधीच ठरवून ठेवतात. खाऊनपिऊन सुखी, मुलंबाळं असलेला, हसतमुख, आणि ज्याच्या घरात अलीकडे कुणी गेलेलं नाही असा. लियेनकडे हा मान तिच्या नणंदेच्या नवऱ्याचा होता. तो डेंटिस्ट होता, आणि त्याचे स्वतःचे दात इतके सुरेख होते की ते बघूनच त्याची नेमणूक झाली असावी.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशी तिने डब्यातून केळीच्या पानात बांधून उकडलेली चिकट भाताची वळकटी दिली होती, आत मुगाची डाळ, आमच्यासाठी मुद्दाम बिनमांसाची. डबा रिकामा परत करायचा नाही हे आपलं शास्त्र. रथसप्तमी अजून व्हायची होती, म्हणजे तिळगूळ चालत होता. मी डब्यात तिळाचे लाडू भरले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमक्या तेतच्याच दिवशी, फ्रीमाँटला एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं, म्हणून मी काळी चंद्रकळा नेसून, नटूनथटून तयार होते. लियेनचं दार उघडंच होतं. मी "मावशी, डबा!" म्हणत थेट आत शिरायला गेले.

समोर लियेन लाल रेशमी कपड्यांत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. त्यांच्याकडे सणाच्या पहिल्या दिवशी काळं म्हणजे मयताचं. मी एक पाय आत आणि एक बाहेर अशी थबकले. मागून मिन्ह कपाळाला हात लावून म्हणाला, "ओह नो. ओह नो, आँटी."

"मी परत जाऊ का?"

लियेन सावरली. "नाही. पाय आत. झालं. आता पूर्ण ये."

मला खुर्चीवर बसवलं गेलं. साखरेत मुरवलेली कमळाची बी समोर आली, चहा आला, हातात शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट पडलं. थोड्या वेळाने डेंटिस्ट फळांची टोपली घेऊन आले. त्यांनी माझी काळी साडी पाहिली, मी बसलेली खुर्ची पाहिली आणि कुणीतरी राज्य खालसा केल्यासारखे एका कोपऱ्यात जाऊन बसले. ते बिचारे त्या दिवशी एकदाही हसले नाहीत.

पण ते वर्ष लियेनला फळलं. मिन्हला फार्मसीला प्रवेश मिळाला. तिचा गुडघा ऑपरेशनशिवाय बरा झाला. तिकडे गावी तिच्या आईचा मोतीबिंदू निघाला आणि म्हातारी पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली. लियेनने काय समजायचं ते समजून घेतलं आणि डेंटिस्टना कायमच्या रजेवर पाठवलं. पुढच्या वर्षी आदल्या संध्याकाळी मला फोन आला. "उद्या. सकाळी. तू. काळं नाही."

मग दर वर्षी मी लाल नाहीतर पिवळं नेसून तिचा उंबरठा ओलांडू लागले. अभयला, माझ्या नवऱ्याला, हे फारच गमतीचं वाटायचं. "तुझ्या पायगुणाचं कौतुक करणारं माणूस शेवटी मिळालं," असं तो म्हणायचा. सासरी माझ्या पायगुणाबद्दल फारसं बरं बोललं गेलं नव्हतं, हे त्याला माहीत होतं.

तिच्या सणाचे नियम भिंतीपलीकडून आमच्याही घरात यायचे. पहिले तीन दिवस केर काढायचा नाही, कारण केराबरोबर लक्ष्मी बाहेर जाते. आमच्याकडे व्हॅक्यूमचा आवाज आला की दोन मिनिटांत फोन. "बंद कर. तुझं पण नशीब जाईल. माझं पण. भिंत पातळ." ईरा म्हणायची, "आई, इट्स लिटरली जस्ट डस्ट!" मी व्हॅक्यूम बंद करायचे. तिन्हीसांजेला केर काढू नये असं ऐकत वाढलेल्या बाईने कुणाला हसायचं?

वर्ष संपायच्या आठवडाभर आधी त्यांचा चुलीचा देव माशावर बसून स्वर्गात जातो आणि घरातल्या माणसांनी वर्षभर काय दिवे लावले ते वर सांगतो. त्याने चांगलं सांगावं म्हणून निघताना त्याला गोडधोड द्यायचं. हे ऐकून ईरा म्हणाली, "सो इट्स लाइक अ परफॉर्मन्स रिव्ह्यू?" नेमका त्याच आठवड्यात अभयचा ऑफिसात रिव्ह्यू होता. तो ऑफिसला जाता जाता लियेनच्या दारात थांबला आणि आपलंही नाव वर सांगता येईल का म्हणून विचारू लागला. लियेनने त्याला गंभीरपणे आपादमस्तक न्याहाळलं. "तू रोज उशिरा घरी येतो. देवाला माहीत. मी काय बोलू?"

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी पितरांना जेवायला बोलवायचं, तीन दिवस ठेवून घ्यायचं, मग निरोप द्यायचा. थांगच्या फोटोसमोर ती वाटी आणि जेवायच्या काड्या मांडायची, दाट दुधाची कॉफी ठेवायची आणि उदबत्ती विझेपर्यंत आम्हाला कुणाला घासाला हात लावू द्यायची नाही. मी सांगितलं, आमच्याकडे गौरी अशाच येतात. आज आल्या, उद्या जेवल्या, परवा निघाल्या.

"गौरी कोण? मेलेल्या?"

"नाही गं. माहेरवाशिणी. लेक सणाला आईकडे येते तशा."

"जिवंत लेक?"

"हो."

"दर वर्षी?"

मी हो म्हटलं. थांगच्या कॉफीत साखर पुरेशी आहे की नाही ते तिने उगीचच चाखून पाहिलं.

तिची आई सा देकला राहायची. सायगावच्या खाली, नदीच्या मुलखातलं फुलशेतीचं गाव. लियेनचा धाकटा भाऊ तिथेच मळा सांभाळायचा. अमेरिकेत आल्यापासून लियेन एकाही तेतला घरी गेली नव्हती. तेत येतो जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा इथे शाळा ऐन भरात. कॅफेटेरियातल्या बाईला तेव्हा लांबची रजा कोण देणार? म्हणून ती जायची उन्हाळ्यात. ऐन पावसात, आंबे संपल्यावर, फुलांचे वाफे रिकामे असताना. आई दर फोनवर एकच विचारायची, या तेतला येतेस का? आणि उन्हाळ्यातल्या भेटी ती धरायचीच नाही. लियेनने मला म्हातारीचं वाक्य सांगितलं होतं. "उन्हाळ्यात येते ती पाहुणी. तेतला येते ती मुलगी."

हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. आम्हीही जूनच्या चिखलात घरी जाणारी माणसं. आमच्या गणपतीची आरती फोनवर होते, मोदक आई कॅमेऱ्यासमोर धरते आणि आम्ही इकडे 'वा वा' म्हणतो.

लियेन निवृत्त झाली ती नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर. शाळेने केक कापला. केक खाऊन ती घरी आली आणि तिने माझं दार वाजवलं. "आता मी तेतला घरी," तिने सांगितलं, आणि मला धक्काच बसला, कारण लियेन नाचली. पॅसेजमध्ये, चपला घालून, दोन पावलं इकडे आणि दोन पावलं तिकडे.

मिन्ह तोवर फार्मासिस्ट होऊन ह्यूस्टनला स्थायिक झाला होता. तो फोनवर सांगून थकला की लगेच निघ, जानेवारीच्या सुरुवातीला विमानं रिकामी असतात. ती ऐकेना. चुलीच्या देवाला निरोप दिल्याशिवाय घर सोडायचं नाही. त्याला वाटेला लावायला घरात कुणी नको? आणि त्यानंतर सीट मिळेना. तेतच्या आधीच्या आठवड्यात जगातला प्रत्येक व्हिएतनामी माणूस घराकडे निघालेला असतो, हे तीच मला सांगायची. विमानात, बसमध्ये, मोटरसायकलच्या मागे फुलझाडाची कुंडी बांधून, पण घरी. शेवटी मिळालं ते तिकीट असं, की वर्ष संपायच्या आदल्या दिवशी ती सायगावला उतरणार. "पुष्कळ झालं," ती म्हणाली. "एक दिवस शिल्लक."

पुढचे दिवस तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. व्हिटॅमिनच्या बाटल्या, चॉकलेटं, गुडघ्याला लावायची मलमं, भाच्याच्या बायकोसाठी बाळाचे कपडे. आईसाठी तिने स्वतः जांभळ्या रेशमाचा सदरा-पायजमा शिवला. म्हातारीची मापं तिने फोनवरून घेतली होती आणि मग ती सगळी एकेक बोट कमी केली. मी कारण विचारलं. "म्हातारी स्वतःला जाड सांगते," ती म्हणाली. "पूर्वीपासून."

विमानतळावर मी तिला सोडायला गेले. काउंटरसमोर तिच्याच वयाच्या बायकांची झुंबड होती, दोरीने आवळलेली खोकी, सगळ्या एकाच वेळी बोलणाऱ्या. बाराही महिने हुकूम सोडणारी लियेन त्या गर्दीत एकदम पोरसवदा दिसायला लागली. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "या वर्षी तुला सुट्टी. माझं दार बंद." मग वळून बघितलंही नाही. माहेरी निघालेली बाई मागे वळून बघत नाही, हे जगात सगळीकडे सारखंच असावं.

तिचं विमान समुद्रावर असताना तिची आई गेली. आजारी वगैरे नव्हती. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठली नाही. लियेन मधल्या विमानतळावर उतरली तेव्हा मिन्हचा फोन आला. तिथे धुकं होतं. पुढची विमानं रद्द झाली होती, आणि जी सुटणार होती ती तेतच्या गर्दीने गच्च भरलेली. काउंटरसमोर रांग लागली होती. लियेन जाऊन त्या रांगेत उभी राहिली.

यापुढचं तिने मला महिन्याभराने, परत आल्यावर, तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसून सांगितलं.

काउंटरवरची मुलगी एकेकाला नाव विचारून, कुणाला संध्याकाळचं, कुणाला दुसऱ्या दिवशीचं विमान देत होती. लियेनच्या पुढे माणसंच माणसं. सगळी तिच्याच मुलखातली, तिचीच भाषा बोलणारी. कुणी भाताच्या वळकट्या बांधायला घरी वेळेवर पोचू ना, म्हणून काळजीत होतं. कुणी फोनवर आईला ओरडून सांगत होतं, येतोय गं, येतोय. शेजारच्या बाईने तिला नातवाचा फोटो दाखवला. नातवाला ती पहिल्यांदाच बघणार होती. लियेनने फोटो नीट हातात घेऊन पाहिला आणि कान आजीवर गेलेत म्हणून सांगितलं. ती बाई खूश झाली.

"मग तू सांगितलंस ना त्यांना?" मी विचारलं.

"काय?"

"अगं, आई गेली म्हणून! त्यांनी तुला पुढे जाऊ दिलं असतं. कुणीही दिलं असतं!"

लियेनने माझ्याकडे पाहिलं ते लहान मुलाकडे पाहावं तसं. "ते तेतला चालले," ती म्हणाली. "सगळे आईकडे चालले. त्यांच्या अंगावर मी मरण कसं टाकू?"

सणाला निघालेल्या माणसाला मयताची बातमी सांगायची नसते. ज्याच्या घरी मृत्यू झाला त्याने त्या दिवसांत दुसऱ्याच्या दारात जायचं नसतं, दुसऱ्याच्या आनंदात मिसळायचं नसतं. विमानतळावर दार नव्हतं, म्हणून तिने तोंड बंद ठेवलं. काउंटरवरच्या मुलीलाही ती बोलली नाही, कारण मागची माणसं ऐकतील. तिचा नंबर आला तेव्हा तिला मिळायचं तेच विमान मिळालं, वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी सायगावला पोचणारं.

आणि प्रेत घेऊन नव्या वर्षात जायचं नसतं. मंत्र म्हणणाऱ्यांना, खड्डा खणणाऱ्यांना, सगळ्यांनाच त्या दुपारनंतर आपापल्या घरी पितरांना जेवायला बोलवायचं होतं. भावाने जितकी वाट बघता येईल तितकी बघितली. लियेनचं विमान उतरलं तेव्हा मातीही देऊन झाली होती.

मी हे सगळं घरी येऊन जेवताना सांगितलं. अभयने ताट बाजूला सारलं. ईरा आता हायस्कूलला आहे, तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला रागही आला. "बट व्हाय डिडन्ट शी जस्ट टेल देम? दे वुड हॅव हेल्प्ड हर, आई. एनीवन वुड." खरं होतं तिचं. ती माणसं वाईट नव्हती. त्यांच्यातल्या कुणीही आपली जागा सोडली असती, आणि लियेनला तेच नको होतं. मला ते कळत होतं, आणि कळत असूनही मी तिच्यावर इतकी चिडले होते की मला जेवण गेलं नाही.

तिच्या टेबलाशी त्या दिवशी मी ऐकलं ते एवढ्यावर संपलं नव्हतं. सायगावात तिचे नातेवाईक होते, पण दुखवट्यातली ती, त्यांच्याकडे कशी जाणार? सा देककडची शेवटची गाडी केव्हाच सुटली होती, म्हणून ती रात्रभर बस स्टँडवर बसून राहिली. पहाटे गाड्या जवळजवळ नव्हत्याच. एक टॅक्सीवाला मिळाला. वर्षाचं पहिलं गिऱ्हाईक, आपल्याकडे भवानी म्हणतात तशी. दुखवट्यातली बाई ही कसली भवानी! तेव्हा लियेनने काय केलं, तर स्टँडच्या मोरीत जाऊन बॅगेतून तेतसाठी नेलेले लाल कपडे काढले आणि ते अंगावर चढवले. केस नीट बांधले. ओठांना रंग लावला. टॅक्सीवाल्याने तिला नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या, तिने त्याला दिल्या. रस्ताभर तो विचारत होता, आई आहे का, वय काय, तब्येत कशी. लियेन म्हणाली, आई आहे, वाट बघतेय.

घराच्या फाटकापाशी ती थांबली. आत जाईना. वर्षाची पहिली सकाळ, अंगणात कुणाचं पाऊल पडलेलं नाही, आत भाच्याची बायको पोटुशी. आणि आपण अशा. ती बाहेरच बॅगेवर बसली. भावाने खिडकीतून पाहिलं आणि तो बाहेर आला. घरातल्या सगळ्यांनी कपाळाला बांधलेली दुखवट्याची पांढरी पट्टी त्या एका दिवसापुरती काढून ठेवली होती.

"कुणी येऊन जाऊ दे," ती भावाला म्हणाली. "मग मी येते."

भाऊ म्हणाला, कुणी येणार नाही. आईने महिनाभर आधीच सगळ्या आळीत सांगून ठेवलं होतं. या वर्षी आमच्याकडे पहिल्या पावलाला कुणी येऊ नका. या वर्षी माझी लियेन येतेय.

इतकं सांगून लियेन उठली आणि तिने टेबल पुसलं. टेबलावर काही सांडलेलं नव्हतं. मी हमसाहमशी रडत होते, तिचे डोळे कोरडे होते. तिनेच मला टिश्यूचा डबा दिला.

"पहिल्या दिवशी रडायचं नाही," ती म्हणाली. "रडलं तर वर्षभर रडणं. तीन दिवस सांभाळायचं. घरात पोटुशी बाई." मग म्हणाली, "चौथ्या दिवशी मी एकटी बसले. आता रड, स्वतःला सांगितलं. आलंच नाही."

जांभळं रेशीम भावाच्या बायकोने थडग्याशी जाळलं, म्हणजे ते आईला पोचतं. तिला ते नीट बसलं असेल का, याची मात्र लियेनला फार चिंता होती. तीन-चार वेळा तिने मला ते विचारलं.

त्या वर्षात ती पार आटली. मॅनेजर कधी काय चुकला तरी तिने त्याचा हात धरला नाही. माझा व्हॅक्यूम कितीही वाजला तरी फोन आला नाही. मिन्ह म्हणाला, आई, ह्यूस्टनला चल, आणि ती लगेच हो म्हणाली. तिने इतक्या सहज हो म्हणावं याचंच मला वाईट वाटलं. सामान न्यायला तो येणार होता तेतच्या दुसऱ्या दिवशी. ते निघाले तेव्हा मी घरी नव्हते, आणि त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही.

म्हणजे मी तिला शेवटचं पाहिलं ते तेतच्या दिवशी. दुखवट्याचं वर्ष, त्यामुळे तिने मला आधीच बजावलं होतं, "या वेळी येऊ नको. चांगलं नाही." पण आपल्याकडे ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी त्या वर्षी सणाला कढई चढत नाही. फराळ शेजारपाजारच्यांनी नेऊन द्यायचा असतो. तिच्या तेतचा फराळ कोण नेऊन देणार होतं? मी आदल्या दिवशी करंज्या तळल्या आणि सकाळी ताट घेऊन तिच्या दाराशी गेले.

दार उघडलं. मागे खोक्यांचा ढीग होता. मला बघितल्यावर तिने दोन्ही हात चौकटीला लावले. "आत नाही. तुला नवरा आहे. ईरा आहे. घरी जा."

"नाही येत आत," मी म्हटलं आणि तिथेच पॅसेजमध्ये मांडी घालून बसले. ताट दाराच्या पट्टीवर ठेवलं, अर्धं तिच्याकडे, अर्धं माझ्याकडे. "आमच्यात असंच असतं. पहिला सण शेजारणीने करायचा."

तिने एकदा ताटाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग चौकटीला धरून, गुडघा सांभाळत, आतल्या बाजूने खाली बसली. मी करंजी पुढे केली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, एक तुकडा तोडला, तोंडात घातला, आणि चावता चावता तिचा चेहरा वाकडा झाला. आधी मला वाटलं गोड जास्त झालं. मग तो आवाज आला. इतकी वर्षं मी तिचे हुकूम ऐकले होते, हा आवाज कधी ऐकला नव्हता. ती आपल्या भाषेत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि तो कुठला शब्द हे कळायला मला भाषा यायची गरज नव्हती.

मी घाबरले. "मावशी, आज नको," मी म्हटलं. "आज पहिला दिवस आहे ना? तूच म्हणतेस, मग वर्षभर रडावं लागतं."

तिने मान वर केली. नाकातोंडातून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलंही नाही.

"चांगलं," ती म्हणाली. "वर्षभर पाहिजे मला."